मोजणारे हात, पारखणारे डोळे : गोदामाच्या दारातला आपला इतिहास



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही कामोठ्यात दर रविवारी संध्याकाळी दहा-बारा जण बसतो. कुणी पुस्तक वाचून येतं, कुणी आठवड्यात काय सोसलं ते सांगतं. त्या रविवारी आमचा एक तरुण सहकारी तोंड पाडून आला. कळंबोलीच्या बाजूला एका खासगी गोदामात तो ठेकेदाराकडून 'इनवर्ड'ला कामाला होता. म्हणजे आलेली गाडी खाली करून घ्यायची, पोती मोजायची, चलनाशी ताळा करायचा आणि सही करायची. डाळीची एक गाडी भर पावसात आली होती, तिची ताडपत्री फाटलेली. खालच्या दोन थरांतली पोती ओली होती. त्याने एक पोतं उसवून आत हात घातला तर डाळीचे गोळे झालेले आणि कुबट वास. त्याने चलनावर शेरा लिहायला घेतला : 'खालचे दोन थर ओले, उघडून पाहिले.'

सुपरवायझरने पेन हातातून काढून घेतलं. म्हणाला, "तुझं काम पोती मोजायचं. माल बघायचं काम तुझं नाही." मग 'माल सुस्थितीत मिळाला' असा छापील शिक्का मारून त्याची सही घेतली. आठ दिवसांनी ज्याचा माल होता त्याने तक्रार केली, तेव्हा तीच सही पुढे केली गेली आणि नुकसानीचे पैसे ह्याच्या पगारातून कापायचं ठरलं.

त्याने आम्हाला एवढंच विचारलं, "दादा, सही माझी चालते, मग नजर का चालत नाही?"

त्या रात्री आम्ही त्याला नुकसानभरपाईचे कायदे सांगत बसलो. पण घरी जाताना लक्षात आलं की त्याचा प्रश्न कायद्याच्याही मागचा आहे. माल उचलणारा एक आणि माल बरा की वाईट हे ठरवणारा दुसरा, ही वाटणी कळंबोलीत सुरू झालेली नाही. तिला आपल्या गावगाड्याइतकं वय आहे. आणि आपल्या चळवळीचा निम्मा इतिहास ही वाटणी मोडण्याचाच आहे, फक्त आपण तो तसा वाचत नाही.

आधी ही पारख म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण आपल्यातले कितीतरी पोरं-पोरी आज पनवेल, उरण, तळोजा, भिवंडीच्या गोदामांत हेच काम करतात. गोदामात माल येतो तेव्हा तीन गोष्टी होतात. पहिली मोजणी. दुसरी, मालाचा नमुना काढून तो ठरलेल्या प्रतीशी ताडून पाहणं. तिसरी शेरा : घेतला, कपात करून घेतला किंवा परत पाठवला. मोजणी कुणीही करतो. सत्ता असते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत. ज्याच्या शेऱ्याने गाडी परत फिरते तो गोदामातला खरा माणूस, बाकीचे सगळे मजूर.

आमच्या शेजारी कळंबोलीत भारतीय अन्न महामंडळाचं गोदाम आहे. रेल्वेने आलेला गहू-तांदूळ तिथे उतरतो आणि तिथून रेशनच्या वाटेला लागतो. धान्याची सरकारी पारख कशी असते हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. पोत्यात परखी खुपसतात, म्हणजे टोकदार, खोबणीची लोखंडी नळी. तिच्यातून वेगवेगळ्या पोत्यांच्या पोटातले दाणे निघतात. ते एकत्र करायचे, चाळायचे, ताटलीत पसरून निवडायचे आणि वजन करायचे. सरकारी खरेदीच्या नेहमीच्या निकषांत गव्हात खडे-माती-काडीकचरा शेकडा ०.७५ च्या वर चालत नाही. आकसलेले आणि तुटके दाणे शेकडा ६ पर्यंत चालतात. ओलावा १२ टक्के, त्यापुढे १४ पर्यंत किंमत कापून. कच्च्या तांदळात तुकडा शेकडा २५ पर्यंत मान्य असतो. सगळं कागदावर आहे, आकड्यांत आहे. पारखणारा कोण, त्याचं आडनाव काय, ह्याच्याशी त्या ताटलीला काही देणंघेणं नाही. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात प्रत अशी ठरत नव्हती.

गावगाड्यात पोतदार नावाचा एक अधिकारी असे. नाणं खरं की खोटं, चांदी किती, भेसळ किती, हे तो पारखायचा. हे काम बहुधा सोनाराकडे असायचं. आणि वसुलाची रक्कम गावातून ठाण्यापर्यंत नेण्याच्या कामाला कोण असे? महार. रानावनातून, दरोड्याचं भय घेऊन, पैशाची थैली सुखरूप पोचवायची. एका पैचीही अफरातफर होऊ द्यायची नाही. म्हणजे विश्वास एवढा की गावाचा सगळा वसूल खांद्यावर द्यायचा, पण त्या थैलीतलं एखादं नाणं हातात घेऊन 'हे खोटं आहे' म्हणण्याचा अधिकार मात्र नाही. आमच्या सहकाऱ्याला सुपरवायझरने जे सांगितलं ते ह्याहून वेगळं होतं का?

धान्याचंही तसंच. खळ्याची राखण महाराने करायची. रास पडली की बलुतं मागायला जायचं. गावगाड्याचे भक्त इथे एक मुद्दा नेहमी काढतात, तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ते म्हणतात, जुन्या याद्यांत महाराचं नाव बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत येतं, त्याचा वाटा सुताराच्या, लोहाराच्या बरोबरीचा सांगितलेला आहे, मग अन्याय कुठे? काही याद्यांत ते तसं आहे, हे खरंच. पण यादीत असतं ते माप. प्रत यादीत नसते. पेव उघडलं की मधलं कोरडं धान्य वाड्यात जायचं आणि कडेचं, तळाचं, ओल लागून काळं पडलेलं आपल्याकडे यायचं, हे आम्ही आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. तुमच्याही घरात विचारा. आणि ते काळं धान्य बघून 'हे नको, दुसरं द्या' असं म्हणायची सोय होती का? ज्याला माल परत करता येत नाही त्याला वाटेकरी म्हणत नाहीत. त्याचं माप पहिल्या ओळीचं असो की शेवटच्या.

इथे एक तुलना सुचते, कडू आहे पण करायला हवी. अन्न महामंडळाच्या गोदामात धान्य खराब झालं तर तेही सरसकट फेकत नाहीत. त्याची प्रतवारी होते : गुराढोरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यासाठी तीन पायऱ्या, मग कारखान्याच्या वापरासाठी, मग खतासाठी आणि शेवटी पुरून टाकण्यासाठी. माणसाच्या खाण्याची रेघ कुठे संपते आणि जनावराची कुठे सुरू होते हे नियमाने आखलेलं आहे. पेवाच्या तळाचं ते काळं धान्य आज कुणी त्या ताटलीत ठेवलं तर रेघेच्या कुठल्या बाजूला जाईल?

बाबासाहेबांनी ह्या व्यवस्थेवर पहिला कायदेशीर घाव घातला तो १९ मार्च १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडून. त्यात एक मागणी अशी होती की बलुत्याचं पैशात रूपांतर करावं आणि ते सरकारने वसूल करून द्यावं. विधेयकाला कडवा विरोध झाला आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. शेवटी हलकी वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतरच. पण ती मागणी नीट बघा. धान्यात मिळणारा मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. प्रत तोच ठरवतो, वेळही तोच ठरवतो, आणि पायरीखाली उभं करून तोच देतो. रुपयाला प्रत नसते. पाटलाचा रुपया आणि महाराचा रुपया बाजारात एकाच भावाने चालतो. रोख पगार मागणं म्हणजे देणाऱ्याच्या हातातून प्रत ठरवण्याचा अधिकारच काढून घेणं होतं.

आता महाडला जाऊ. कामोठ्याहून महाड फार दूर नाही, गोवा महामार्गाला लागलं की सरळ रस्ता. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातच पनवेलही होतं आणि महाडही. १९ आणि २० मार्च १९२७ ची ती परिषद 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद' होती, म्हणजे आपल्या जिल्ह्याची परिषद. चवदार तळ्याचं पाणी आपल्या सर्वांना पाठ आहे. पण त्याआधी परिषदेत बाबासाहेबांनी जे सांगितलं त्याकडे आम्ही आज मुद्दाम लक्ष वेधतो. मेलेल्या जनावराचं मांस सोडा. उष्टं-शिळं मागणं सोडा, घेणं सोडा. पिढ्यान्‌पिढ्या दारात येईल ते पदरात घेणाऱ्या समाजाला पहिल्यांदा कुणी सांगत होतं की आधी बघा, आणि खाण्याजोगं नसेल तर परत पाठवा. बऱ्याच ठिकाणी आपल्या माणसांनी ते केलं, आणि त्याबद्दल मार खाल्ला, बहिष्कार सोसला. फुकट देत होतो ते घेत नाहीत ह्याचा एवढा राग का यावा, असा प्रश्न पडतो. राग अन्नाचा नव्हता. घेणारा पारख करू लागला ह्याचा होता.

आणि मग तळं. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजीच ठराव करून तळं सर्वांना खुलं केलेलं होतं, पण ठराव कागदावर राहिला. परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. २० मार्चला बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. नंतर काय झालं? तळं 'बाटलं' म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत त्या पाण्यात ओतल्या गेल्या आणि तळं शुद्ध झाल्याचं जाहीर झालं.

गोदामात काम करणाऱ्या कुठल्याही पोराला हा प्रसंग सांगा आणि त्याला शेरा लिहायला सांगा. पाण्याचा नमुना घेतला का? नाही. पाण्याचा रंग, वास, चव बदलली होती का? नाही. मुसलमान, ख्रिस्ती त्या तळ्यावर येत होते, गुरंढोरं पाणी पीत होती, तेव्हा शेरा काय होता? 'चांगलं.' मग माल नापास का झाला? हात लावणाऱ्याच्या जन्मामुळे. आणि पास कशाने झाला? त्यात शेण मिसळल्याने. ब्राह्मणी व्यवस्थेची शुद्धता म्हणजे हीच पारख : वस्तूकडे बघायचंच नाही, वस्तूला शिवणाऱ्याच्या जातीकडे बघायचं. पुढे नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव रद्दही केला. हे प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीचा शेरा बदलायला दहा वर्षं लागली.

ही पारख फक्त गावात होती आणि मुंबईच्या कारखान्यात आधुनिकता आली, असं कुणाला वाटत असेल तर कापसाचा इतिहास बघावा. मुंबई इलाख्यात सरकारने मालाच्या प्रतीसाठी कायदे केले ते फार लवकर. कापसातल्या भेसळीविरुद्ध १८२९ मध्ये एक आणि १८६३ मध्ये दुसरा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, मँचेस्टरच्या गिरण्यांना इथला कापूस हवा होता आणि व्यापारी त्यात माती, सरकी, पाणी घालत होते. विलायतेतून ओरड झाली आणि इथे इन्स्पेक्टर नेमले गेले. हिंदुस्थानातल्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या अन्नातल्या भेसळीविरुद्ध देशभर लागू होणारा कायदा आला तो १९५४ मध्ये. मँचेस्टरच्या यंत्राच्या पोटाची काळजी आधी आणि आपल्या पोटाची नव्वद वर्षांनी. ज्याच्या हातात सत्ता असते त्याच्याच मालाची पारख होते, हे इंग्रजांनाही लागू होतं.

त्याच कापसाच्या गिरण्या मुंबईत उभ्या राहिल्या आणि आपली माणसं गाव सोडून तिथे गेली. गाठी वाहायला, सूतकताईच्या खात्यात आपण चाललो. विणकाम खात्यात, जिथे पगार बरा होता, तिथे आपल्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? कापड विकलं जाताना त्याची प्रत तपासली जाई : धागा, वीण, खळ. कापडाला बाट लागत नव्हता. पण विणणाऱ्याच्या तोंडाची प्रत आधीच ठरलेली होती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं की अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत काम मिळण्याचा हक्क मागण्यांत घालणार नसाल तर आम्ही आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू. नाइलाजाने ती मागणी घातली गेली. मालकांनी काय उत्तर दिलं? हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. खरं सांगायचं तर ह्या एका बाबतीत मालकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दार अडवून उभे होते ते सोबतचे कामगारच. लाल बावट्याच्या मित्रांनी हे पान अजून नीट वाचलेलं नाही, असं आम्हाला अधूनमधून वाटतं.

आता रेशनकडे येऊ. मुंबईत रेशनिंग सुरू झालं २ मे १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. रेशनकार्डाचं आपण कधी कौतुक करत नाही, रांगेचा त्रासच आठवतो. पण बलुत्याशेजारी ठेवून बघा. कार्डावर माणसं मोजलेली असतात, जात नाही. माप सर्वांना सारखं. त्यासाठी मेलेलं ढोर ओढावं लागत नाही. आम्ही तर म्हणू की रेशनकार्ड हे बलुत्याच्या बरोबर उलट टोकाला उभं आहे. एकच गोष्ट मात्र बलुत्यासारखी मागे राहून गेली : मिळेल ते मुकाट घ्यायची सवय.

त्या सवयीचा फायदा पुढे सगळ्यांनी घेतला. स्वातंत्र्यानंतर देश आयात धान्यावर जगत होता. १९५१ मध्ये अमेरिकेकडून गहू घेण्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज काढलं. १९५६ मध्ये पीएल ४८० चा करार झाला. १९६६ च्या दुष्काळी वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. जहाज बंदराला लागलं की धान्य थेट रेशनच्या दुकानात, अशी ओढाताण. अशा घाईत कोण काय पारखणार? १९५५ मध्ये पुण्यात एक नवंच गवत नोंदलं गेलं, पांढऱ्या बारीक फुलांचं. आज आपण त्याला गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो. ते पीएल ४८० च्या गव्हातून आलं असं सर्रास सांगितलं जातं, पण तारखा जुळत नाहीत. भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये आणि गवत दिसलं त्याच्या आधीच. अमेरिकेचा गहू त्या कराराच्या आधीपासून येत होता, हेही विसरू नये. तरुणांनी विरोधकांच्या व्हॉट्सॲपवरच्या तारखा तपासाव्यात तशा आपल्याही तपासाव्यात. असो. गवत आलं ते आलं, आणि ते उपटायला कोण गेलं? शेतमजूर बाया आणि सफाई कामगार. त्या गवताने अंगाला खाज सुटते, कातडी सोलवटते, काहींना दम लागतो. दारावरची पारख चुकली की तिची किंमत सगळ्यात शेवटच्या माणसाच्या कातडीवर वसूल होते.

१९७२ चा दुष्काळ तर महाराष्ट्राच्या घराघरात आहे. लाल मिलो आठवतो ना? म्हणजे तुम्हाला नाही, तुमच्या आजीला. रोजगाराच्या कामावर खडी फोडायची आणि रेशनच्या दुकानातून मिलो आणायचा. भाकरी लाल आणि कोरडी व्हायची, पोरं नाक मुरडायची. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः जनावरांना खाऊ घालतात. आम्ही असं म्हणत नाही की तो आणायला नको होता. त्याने माणसं जगली, आमच्या घरातलीही जगली. पण खाणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती काही मिलोमुळे नव्हे. पण दिलेलं मुकाट न घेणारी पिढी त्याच वर्षात उभी राहिली हे आम्हाला विसरवत नाही.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. २०२२ च्या मार्चमध्ये उन्हाच्या लाटेने उत्तरेत गहू आकसला. शेतकऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून पंजाब-हरियाणात आकसलेल्या दाण्यांची मर्यादा ६ वरून १८ टक्क्यांपर्यंत नेली, तीही किंमत न कापता. शेतकऱ्याच्या बाजूने निर्णय योग्यच होता. पण हा गहू सरकारी गोदामातून जाणार कुठे? मॉलमध्ये नाही, रेशनवर. शेतकऱ्याच्या संघटनेने आवाज केला, सरकारने ऐकलं. रेशन खाणाऱ्याची संघटना कुठे आहे?

आणि इथे, मित्रांनो, आपल्या हातातलं हत्यार आपल्यालाच माहीत नसल्याची लाज वाटते. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्रसूचीतली ५१ वी नोंद काढून वाचा. निर्यात होणाऱ्या किंवा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाच्या गुणवत्तेचे निकष ठरवणं हा तिचा विषय. समवर्ती सूचीतली १८ वी नोंद अन्न आणि इतर मालातल्या भेसळीची. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते हे आपण अभिमानाने सांगतो, पण ते संविधान पोत्यातल्या दाण्यापर्यंत पोचतं हे सांगत नाही. त्याच्याही पुढे, २०१५ पर्यंत लागू असलेल्या २००१ च्या सार्वजनिक वितरणाच्या केंद्रीय आदेशात स्पष्ट होतं की गोदामातून धान्य उचलण्याआधी राज्य सरकारच्या प्रतिनिधीने आणि अन्न महामंडळाने मिळून त्याची प्रत तपासायची आणि थप्पीनुसार मोहोरबंद नमुना द्यायचा. गोदामातून निघालेलं धान्य आणि दुकानात पोचलेलं धान्य एकच आहे का, हे ताडून पाहण्यासाठी. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम २९ सांगतं की दुकानापासून राज्यापर्यंत प्रत्येक पातळीवर दक्षता समिती हवी आणि तिच्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला यांना योग्य प्रतिनिधित्व हवं. म्हणजे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पेवाच्या तळाचं मिळालं त्यांनाच कायद्याने पारखी म्हणून बसवलं आहे. तुमच्या दुकानाच्या समितीत कोण आहे? आम्ही कामोठ्यात विचारत फिरलो तर बहुतेकांनी अशी समिती असते हेच पहिल्यांदा ऐकलं.

जाता जाता एका शब्दाबद्दल. मराठीत मालाच्या प्रतीलाही गुणवत्ता म्हणतात आणि आरक्षणाविरुद्ध भांडताना ज्याच्या नावाने गळा काढतात तीही गुणवत्ताच. पण गोदामातल्या गुणवत्तेला नमुना लागतो, निकष लागतो, वजनकाटा लागतो, आणि शेऱ्याखाली सही लागते. उलट तपासणीही होऊ शकते. दुसऱ्या गुणवत्तेला ह्यातलं काहीच लागत नाही, नुसतं आडनाव ऐकून शेरा मारता येतो. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला गुणवत्ता शिकवायला आला तर त्याला आधी विचारा, परखी कुठल्या पोत्यात घातली होती?

आता आमच्या सहकाऱ्याचं काय झालं ते सांगतो. त्या दिवशी त्याने ओल्या पोत्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढले होते, त्यावर तारीख आणि वेळ होती. आम्ही पाच जण त्याच्यासोबत ठेकेदाराकडे गेलो, लेखी अर्ज दिला, पोचेवर सही-शिक्का घेतला आणि पुढची पायरी कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची असेल हेही सांगितलं. कापलेले पैसे दोन महिन्यांनी परत मिळाले. नोकरी मात्र गेली. आता तो दुसऱ्या एका गोदामात आहे आणि तिथे सही करण्याआधी स्वतःच्या हाताने शेरा लिहितो. लिहू दिलं नाही तर 'शेरा लिहू दिला नाही' असं लिहितो. ही युक्ती त्याचीच, आम्ही शिकवलेली नाही.

त्याच्या आईचा किस्सा त्याहून मोठा आहे. हे सगळं घरात ऐकून ऐकून मावशी गेल्या महिन्यात रेशनच्या दुकानात गेल्या. गहू मापात पडायच्या आधी त्यांनी मूठभर तळहातावर घेतला, अंगठ्याने चोळला, फुंकर मारली. निम्मा भुसा उडाला. त्या दुकानदाराला म्हणाल्या, "नमुन्याची पिशवी दाखवा." मागे रांग कुरकुरायला लागली. दुकानदार म्हणाला, "मावशी, फुकटचं तर आहे, घ्या की." मावशींनी मूठ परत पोत्यात रिकामी केली आणि तिथेच उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी मागच्या खोलीतून दुसरं पोतं आलं, आणि मागच्या रांगेलाही मग त्यातलंच मिळालं.

पुढच्या रविवारी त्या आमच्या बैठकीला येणार आहेत, चाळणी घेऊन.